अंदाजे डेक्कन क्वीन

"फोटो बघून केलंय की! मोजायला कोण बसलंय?" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

अहो, १९३० च्या डेक्कन क्वीनचे डबे, माटुंगा वर्कशॉपात बॉडी बांधलेले, १९६६ मध्ये बदलले गेले. आता मोजणार काय? फोटोत डब्याचं लांबचं टोक बारीक दिसतं, चाकांमागचं सगळं काळोखात जातं. खिडकीची रुंदी, छताची गोलाई नेमकी सांगतं ते मूळ ड्रॉइंगच. १:८७ च्या मॉडेलमध्ये एक मिलिमीटर चुकलात, की खऱ्या डब्यात ८७ चुकलात!

खेळणं करायचंय? खुशाल करा. पण त्याला 'हुबेहूब' म्हणू नका. उद्या नातवंडं त्यालाच खरी राणी समजतील. आधी ड्रॉइंग शोधा, मग कटर उचला.