जुनी तुळई, नवें दुकान

पुण्याच्या एका पेठेंतील वाचकांनीं आम्हांस पृच्छा केली आहे. त्यांचा वडिलोपार्जित वाडा उतरवून तेथें दुकानांची इमारत उभारावयाची आहे. वाड्याच्या सागवानी तुळया तींतच योजाव्या असें तरुण मंडळींचें मत. उतरलेल्या घराचें लाकूड नव्यास लावूं नये, असें थोरल्या काकांचें म्हणणें. आणि ठेकेदार तर सर्व माल उक्ताच मागत आहे.

ह्यावर आम्ही लंडनमधील एक दुकान पुढें करतों. ग्रेट मार्लबरो रस्त्यावरील 'लिबर्टी' ह्या पेढीची इमारत १९२४ सालीं उभी राहिली. एडविन हॉल व त्यांचे चिरंजीव हे तिचे शिल्पज्ञ. 'इंप्रेग्नेबल' आणि 'हिंदोस्तान' हीं आरमाराचीं दोन जुनीं लांकडी जहाजें १९२१ सालीं मोडीस विकलीं गेलीं होतीं. त्यांचें सुमारें २४,००० घनफूट लाकूड ह्या इमारतींत वापरलें, आणि जहाजांच्या तक्तपोशीवरूनच आज गिऱ्हाइकें चालतात. दोन्ही जहाजें उतारवयांत आरमारी मुलांच्या शाळा झालीं होतीं, हें वाचून आम्हां जुन्या मास्तरांस विशेष आनंद झाला. आंत तीन चौक असून वरून उजेड येतो व भोंवतीं सज्जे आहेत. आमच्या वाड्यांत वाढलेल्या मनुष्यास तेथें परकें वाटूं नये. बाहेरून मात्र तिनें सोळाव्या शतकाचें सोंग घेतलें आहे, तें आम्हांस रुचत नाहीं.

झाडानें हवेंतून घेतलेला कार्बन लाकडांत सांठून राहतो. तें जाळलें कीं तो पुन्हा हवेंत जातो. शिवाय जुनें लाकूड पुरतें मुरलेलें असल्यानें नव्या ओल्या लाकडासारखें सहसा आंखडत नाहीं. जी तुळई शाबूत आहे, तिच्या जागीं लोखंड घालावयाचें म्हणजे तें वितळविण्यास भट्ट्या पेटवावयाच्या.

काकांचा निषेध मात्र आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. वाळवीनें पोखरलेली तुळई नव्या वास्तूंत आणणें अशुभच. म्हणून प्रत्येक तुळई टोंकाशीं, जेथें ती भिंतींत शिरते तेथें, पटाशीनें टोंचून पाहावी. भार पेलेल कीं नाहीं हें इंजिनियरास विचारावें. खिळे उपसल्यावांचून करवत लावूं देऊं नये. तुळयांची लांबी नकाशा काढण्यापूर्वीं मोजावी, म्हणजे दुकानाचे गाळे त्या मापानें पाडतां येतील. नकाशा आधीं झाला, तर चांगल्या तुळईचे तुकडे होतात. तोंवर ठेकेदारास होकार देऊं नये.