बटणामागची नक्षी
घरच्या झिगझॅग शिलाई मशीनवर पानं, शिंपले, चौकटींच्या माळा छापलेल्या असतात, आणि अनेक घरांत ते नक्षीचं बटण कधी फिरतच नाही. हळहळ वाटावी अशीच ही गोष्ट, कारण आतली रचना फार देखणी आहे. कडेला उंचवटे असलेली चकती फिरते, तिला टेकलेला दांडा सुई डावी-उजवीकडे ढकलतो आणि त्या उंचवट्यांतूनच कापडावर पान उमटतं. १९७५ साली सिंगरच्या ‘अथीना २०००’ने हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किटकडे सोपवलं; शिवणाऱ्याचं कसब मात्र तेच राहिलं. भरीव नक्षीसाठी टाक्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. वरच्या धाग्याचा ताण जरा सैल केला की बॉबिनचा धागा वर डोकावत नाही. पातळ कापडाखाली कागद ठेवावा, नाहीतर ते हमखास आक्रसतं. खरी मजा जोडणीत आहे: शिंपल्यांची एक ओळ, तिला पाठ लावून उलटी दुसरी, मध्ये साधी शिवण, आणि ब्लाऊजच्या बाहीला दुकानात न मिळणारा काठ तयार! खडूने रेघ आधी आखून घ्यावी. कापड मशीनचे दातेच सरकवतात. हाताने ओढलं की पान लांबट होतं.