इंटरनेट बदलताय? स्पीड नंतर, आधी वायर आणि माणूस बघा



घरातून धंदा करणाऱ्यांचा एक प्रश्न सारखा येतो: "दुसरी कंपनी 499 मध्ये फायबर देतेय, बदलू का?"

माझं मत सरळ आहे. बदला, कंपनीशी आपलं काही लग्न लागलेलं नाही. पण महिन्याला शंभर रुपये वाचतात एवढ्यासाठीच बदलू नका. राजापूरसारख्या ठिकाणी आपण पैसे मोजतो ते लाइन तुटल्यावर ती किती लवकर जोडून मिळेल याचे. स्पीड त्याच्यानंतर.

हिशोब करून बघा. बिलिंग, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, जीएसटी रिटर्न, एक-दोन कॅमेरे, एवढ्याला 30-40 एमबीपीएस आरामात पुरतं. 100 असो की 300, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. पण ऐन एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक आंब्याच्या पेटीचा भाव विचारतंय आणि तुमच्याकडून दोन दिवस उत्तर नाही, तर ते दुसरीकडे जातं. वर्षभरात वाचवलेले हजार-बाराशे रुपये तिथेच गेले.

फॉर्म भरण्याआधी तीन प्रश्न

1. जोडणारा माणूस कुठला? जाहिरातीतलं नाव एकाचं आणि खांबावर चढणारा दुसराच, असं सर्रास असतं. बीएसएनएलचं फायबरसुद्धा बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारामार्फतच मिळतं. त्यात वाईट काही नाही, पण तो माणूस कोण हे आधी माहीत हवं. फायबर म्हणजे काचेचा तंतू. लाइटच्या वायरसारखा पीळ देऊन, टेप लावून तो जोडता येत नाही. त्याची टोकं मशीनने वितळवून जोडतात, त्याला स्प्लायसिंग म्हणतात. हे मशीन राजापुरात आहे की रत्नागिरीहून येणार, एवढं विचारा.

2. लाइट गेली तर लाइन चालते का? चांगल्या जोडणीत रस्त्यावरच्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. पण काही ठिकाणी मधली पेटी कुणाच्या तरी घरच्या लाइटवर असते. त्या घरची लाइट गेली की तुमचा छोटा यूपीएस चालू असूनही नेट बंद.

3. आपल्या वाडीत ही लाइन आणखी कोणाकडे आहे? त्या घरी जा आणि विचारा, जुलैमध्ये किती दिवस बंद होती? स्पीड टेस्टपेक्षा हे उत्तर जास्त कामाचं.

कधी बदलायचं?

मे महिन्यात नको. आंब्याचा सीझन असतो आणि पाऊस तोंडावर असतो. मे 2021 च्या तौक्ते वादळात रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडं आणि विजेचे खांब पडले, हे आपण पाहिलंय. वरून जाणारी केबल त्याच झाडांखालून जाते. दसरा-दिवाळीच्या दरम्यान बदला. पाऊस संपलेला असतो आणि सीझन लांब असतो.

जोडणीच्या दिवशी घरी थांबा

- जांभ्याच्या भिंतीला भोक पाडताना त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा. भोकाआधी केबलला खाली एक झोळ द्यायला लावा. नाहीतर पागोळ्यांचं पाणी केबलवरून थेट घरात येतं.
- केबल खिळ्याला गुंडाळून काटकोनात वाकवू देऊ नका. काच न तुटताही सिग्नल कमी होतो.
- मीटर लावून रीडिंग दाखवायला सांगा. वजा 20 च्या आसपास असेल तर उत्तम. वजा 27 च्या पलीकडे गेलं तर लाइन कधीही दगा देणार. रीडिंगचा फोटो काढून ठेवा.
- दुकान बाजारपेठेत असेल तर डबा आणि प्लग उंचावर लावा. अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात कुठपर्यंत येतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.
- नव्या वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. प्रिंटर, कॅमेरे, बिलिंगचा फोन बहुतेक वेळा आपोआप जोडले जातात.

पैशाचं

499 म्हणजे 499 नसतात. 18 टक्के जीएसटी धरून 589 होतात. तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन नेहमीच्या पद्धतीचं असेल, तर कनेक्शन धंद्याच्या नावाने घ्या आणि बिलावर जीएसटी नंबर टाकून घ्या, कराचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही. आणि सहा महिने फुकट मिळतात म्हणून वर्षाचे पैसे आधी भरू नका. पहिला महिना सुटा घ्या.

जुनं लगेच तोडू नका

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाही. नवं कनेक्शन म्हणजे नवी वायर, नवा डबा आणि लँडलाइनचा नंबरही नवा. पाटीवर, बिलबुकावर जुना नंबर छापला असेल तर ते आधी बदला. एक महिना दोन्ही कनेक्शन चालू ठेवा. त्या महिन्याचे पाच-सहाशे रुपये खर्च म्हणून नाही, विमा म्हणून धरा. नंतर जुनं बंद करायचा अर्ज लेखी द्या, डबा परत करून पोचपावती घ्या आणि डिपॉझिट मागा.

मी हे एवढं ताणून सांगतोय, कारण ही फक्त इंटरनेटची गोष्ट नाही. पुरवठादार बदलण्याचा हा सराव आहे. उद्या पॅकिंगच्या खोक्यांचा, परवा कुरिअरचा माणूस बदलाल, तेव्हाही हेच करायचंय: स्वस्त कोण ते बघा, पण अडचणीच्या दिवशी फोन कोण उचलतो ते आधी बघा.

आज एकच काम करा. तुमच्या सध्याच्या लाइनवाल्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह आहे का, ते तपासा. नसेल, तर सुरुवात तिथूनच करा.