काम मागणाऱ्याचा कायदा

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. वर्षाचे २५०० रुपये. हा कर १९७५ साली कशासाठी लागू झाला, हे तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. दुष्काळी गावातल्या मजुराला काम देता यावे म्हणून पगारदारांकडून घेतलेला तो पैसा होता. जेवढा जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले होते. शहराने खेड्यातली मजुरी उचलायची, हे या राज्याने मान्य केले. त्या पाठबळावर उभा राहिलेला महाराष्ट्र रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. २०२६ च्या प्रजासत्ताकदिनी त्याला ४७ वर्षे झाली.

कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेच्या सभापतिपदावर असतानाही त्यांचे लक्ष तासगाव तालुक्यातल्या कोरडवाहू गावांवर होते. त्यांपैकी विसापुरात १९६५ साली त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत, माती वाहत, सुकडी खात जगली. पाऊस पडला की दुष्काळी कामे बंद करायची, हा इंग्रजी अमदानीपासूनचा शिरस्ता. महाराष्ट्राने तो मोडला. ज्याला अंगमेहनतीचे काम हवे आहे त्याने मागावे आणि सरकारने ते १५ दिवसांत द्यावे, हे कायद्यात आले. उपकार संपून हक्क सुरू झाला तो इथे.

या हक्काचे रोजचे रूप अगदी साधे असते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खणले की एक ब्रास माती निघते. खणताना मधोमध मातीचा एक उंचवटा तसाच ठेवतात, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती हे मोजमापाला येणाऱ्याला दिसते. त्या मोजमापावर मजुरी. गावच्या शेतात बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळे. इथे ब्रासचा दर एकच. म्हणूनच या कामांवर बायकांची एवढी गर्दी राहिली. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, स्वतःचे नाव, त्या नावापुढे स्वतःचा अंगठा आणि शनिवारच्या बाजाराला स्वतःच्या हातचा पैसा ही त्यांच्यापैकी अनेकींसाठी नवी गोष्ट होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, विहिरी, पुढे १९९० पासून फळबागा: कोकणातला काजू आणि सोलापूरकडचे डाळिंब यांच्यामागे याच मस्टरचा पैसा आहे.

या योजनेवर जेवढा अभ्यास झाला तेवढा फार थोड्या सरकारी योजनांवर झाला असेल. सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कान्झरा या दोन गावांतल्या नोंदींवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी हिशेब मांडला: रोजगार हमीच्या कामावर जाण्यासाठी मजुराला दुसरीकडची कमाई सोडावी लागते ती किती? उत्तर आले, योजनेतून मिळालेल्या मजुरीच्या साधारण पाव हिस्सा. बाकीची सगळी घरात पडलेली भर. ‘लोक शेतीची कामे सोडून इकडे येतात’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

याच अभ्यासकांनी शुभम चौधरी यांच्यासह केलेला दुसरा अभ्यास आज अधिक महत्त्वाचा आहे. १९८८ च्या मध्यात राज्याने किमान वेतन दुप्पट केले आणि योजनेची मजुरीही तशीच वाढली. निर्णय न्यायाचाच होता, पण तिजोरी त्या प्रमाणात उघडली नाही. कामावरची उपस्थिती घसरली आणि काम मागूनही न मिळणे सुरू झाले. कायद्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. काम उशिरा काढायचे, लांब काढायचे किंवा काढायचेच नाही, एवढे पुरेसे होते. हमी मरते ती अशी, रद्द न होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या, म्हणजे मनरेगाच्या, जागी नवा कायदा केला आहे. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, हे स्वागतार्ह. मात्र महाराष्ट्रासारख्या राज्याला खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागेल, केंद्राचा निधी निकषांनुसार आधीच ठरेल आणि त्यावरचा खर्च राज्याच्या माथी येईल. आजवर मागणी आधी आणि पैसा मागून असा क्रम होता. तो उलटला तर १२५ हा आकडा कागदावरच राहील. १९८८ नंतरचा महाराष्ट्र हेच सांगतो.

पेरणी आणि काढणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूदही नव्या कायद्यात आहे. मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. पण बीड, जालन्याकडे पावसाळ्याचे दिवस म्हणजे घरातले धान्य संपण्याचे आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेण्याचे दिवस. एकदा उचल घेतली की दसऱ्यानंतर जोडीने कोयता हाती घ्यावाच लागतो; मुलांची शाळा सुटते, बाई गरोदर असली तरी फडात उतरते. गावात काम आणि वेळेवर पैसे ही त्या उचलीला असलेली एकमेव सरकारी पर्यायी वाट आहे. नेमक्या त्या आठवड्यांत ती बंद ठेवू नये. कामबंदीचा काळ तालुक्यानुसार ठरवावा आणि स्थलांतराच्या तालुक्यांत तो शक्य तितका छोटा ठेवावा.

महाराष्ट्राच्या हातात स्वतःचा कायदाही आहे. मनरेगाचे १०० दिवस संपल्यावर पुढच्या दिवसांचा खर्च राज्याने करायचा, ही व्यवस्था त्याच कायद्याच्या आधारे चालत आली. सरकारने मार्चच्या अर्थसंकल्पात ४० टक्के हिश्श्याची तरतूद करावीच. शिवाय केंद्राचा निधी संपल्यावर येणाऱ्या मागणीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढावी. काम मागणाऱ्या प्रत्येकाला तारखेची पोच द्यावी, कारण ती नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून आणि बेकारी भत्ता मागायचा कशावर? आणि किती जणांनी काम मागितले, किती जणांना मिळाले हे दोन आकडे दर महिन्याला प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. मजुरीचा दर २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. मजुरी पंधरवड्यात खात्यावर पडते की नाही, हा तिसरा आकडा.