दोष कुणाचाच नाही



परवा तुरीची पाहणी आटोपून एका घरी चहाला बसलो होतो. घरधन्याने कपाटातून एक कागद काढून पुढे ठेवला. "साहेब, एवढं बघा." साडेतीन वर्षांच्या मुलाला 'स्वमग्नता' असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले होते. पोर हाकेला ओ देत नाही, बोलत नाही, एकटेच भिंगरी फिरवीत बसते. कागद आल्यापासून नवरा-बायकोत धड बोलणे नाही. आजी म्हणते, सुनेने ग्रहणात विळी धरली. सून खाली मान घालून ऐकते.

ग्रहणाचा आणि विळीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. पण आजीला तरी काय बोल लावावा? शिकलेलेही चुकले आहेत. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या अवस्थेचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे तिथले तज्ज्ञ आईलाच दोष देत राहिले. बर्नार्ड रिमलँड यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला. मुलाच्या मेंदूची घडणच वेगळी असते. त्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. आईबापांच्या वागण्याने किंवा लस टोचल्याने स्वमग्नता होत नाही.

वाईट वाटणारच. शाळा, लग्न, आपल्यामागे शेती कोण पाहील, असे मनात रचलेले चित्र मोडते. रडू येते, राग येतो. येऊ द्यावा. पण बापाने बांधावर आणि आईने चुलीपुढे एकेकट्याने कुढू नये. रोज घटकाभर दोघांनी मिळून बोलावे.

माती परीक्षणाचा कागद आला म्हणून जमीन बदलत नाही. तिला काय द्यायचे, तेवढे कळते. तुमचे लेकरूही काल होते तेच आहे.

उपचार लवकर सुरू झाले तर बोलणे, वागणे, स्वतःचे स्वतः करणे शिकायला मदत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून ठेवा. गंडेदोरे आणि हमखास बरे करण्याची औषधे यांवर पैसा घालवू नका.

निघताना त्या गृहस्थांना एवढेच म्हणालो, "पुढच्या तारखेला दोघे मिळून जा. आणि आजींनाही बरोबर न्या. सुनेचा दोष नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या."