सॉफ्टवेअर बदलताय? आधी चावडी वाचन करा!

आष्टीतलं कृषी सेवा केंद्र असो की परतूरचं किराणा दुकान, बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलताना सगळे एकच विचारतात, "डेटा आला ना?" माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. "बरोबर आला का?" असं विचारा.

सातबारा संगणकावर आला तेव्हा आठवतंय ना? कुठे नाव चुकलं, कुठे क्षेत्र. संगणकाला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. उतारा सगळ्यांसमोर वाचायचा, शेतकऱ्यानं चूक दाखवायची.

उधारीचंही तसंच. जुन्या रकान्यात ४५०.५० रुपये आहेत आणि नवा रकाना फक्त पूर्ण आकडे घेतो. पैसे गायब, एरर नाही! मोबाईल नंबर, जुनी तारीख, सगळीकडे हाच धोका.

असे बदल तपासणारी टूल्स असतात. पण बरीचशी फक्त आदेश वाचतात, म्हणजे रकाना पुसला जातोय का, प्रकार बदलतोय का एवढंच. तेवढ्यानं भागत नाही. टूलनं तुमच्याच डेटाच्या कॉपीवर बदल करून बघावा, आधीची आणि नंतरची बेरीज समोर ठेवावी, आणि एक रुपयाचा फरक आला तरी थांबावं.

सॉफ्टवेअरवाल्याला तीन गोष्टी विचारा: बॅकअप कुठंय? कॉपीवर चाचणी केली का? बिघडलं तर परत कसं यायचं?

आणि शेवटी दहा गिऱ्हाईकांची उधारी वहीशी स्वतः ताडून बघा. गिऱ्हाईकाचा विश्वास कुठल्याच बॅकअपमधून परत येत नाही!