पाळणा लांबवायचा, पण ठरवायचं कुणी?

दोन मुलांमध्ये पुरेसं अंतर का राहत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : बायकांना कळत नाही. आरोग्याच्या बैठकांत हेच ऐकू येतं, शिकल्यासवरल्या घरांतही हेच, आणि कधी कधी दवाखान्यात आलेल्या बाईला तोंडावरच हे सुनावलं जातं. कारण एकदा असं ठरलं की उपायही ओघानेच येतो. प्रबोधन करा, भित्तिपत्रकं लावा, मेळावे घ्या. हे उत्तर मला साफ अमान्य आहे. ते चुकीचं तर आहेच, शिवाय ज्यांनी खरं उत्तर द्यायला हवं त्यांना ते मोकळं सोडतं.

आधी अडाणीपणाचा आरोप तपासू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ निघाला, म्हणजे बाईमागे सरासरी दोनही मुलं नाहीत. ज्या बायकांना काही कळत नाही, त्यांच्या राज्यात असं घडत नसतं. गर्भनिरोधाचं एकही साधन माहीत नाही अशी विवाहित स्त्री आज शोधून सापडणं कठीण. मग अडतं कुठे? त्याच सर्वेक्षणात उत्तर आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्के स्त्रियांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.४ टक्के आहे. पाळणा थांबवण्यात आपण यशस्वी झालो आणि तो सगळा भार बाईच्या पोटावर टाकून झालो. पाळणा लांबवणं मात्र राहूनच गेलं. लग्न, वर्षभरात पहिलं मूल, पाठोपाठ दुसरं आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, अशी वाट लाखो जणींच्या वाट्याला आली. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी निदान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या वाटेवर ते २४ महिने बसतच नाहीत.

ते का बसत नाहीत, हे पाहायला घराच्या आत जावं लागतं. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. सतरा वर्षांच्या सुनेला सासरी पहिल्या वर्षी कोणता निर्णय घेता येतो? भाजीत मीठ किती, हेही सासूला विचारून. 'आधी एक होऊन जाऊ दे, मग काय ते बघा' हे वाक्य आशाताईंना दारोदार ऐकावं लागतं. दिवस राहिले नाहीत तर शेजारपाजारच्या नजरा बदलतात, माहेरी निरोप जातात. पहिली मुलगी झाली तर घाई आणखी वाढते. २०११च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. मुलासाठीची ही ओढ ज्या घरात आहे, त्या घरात दुसऱ्या बाळंतपणाची तारीख बाई ठरवत नाही.

त्याच बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याचा विचार करा. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, पाच-सहा महिने परजिल्ह्यात फडाजवळच्या कोपीवर मुक्काम. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी केंद्रात फुकट मिळतं, पण ते दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. पुढच्या इंजेक्शनची तारीख येते तेव्हा ती बाई गावच्या उपकेंद्रापासून शेकडो किलोमीटरवर असते. दवाखाना गाठायचा तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात. तिने तारीख चुकवली की नोंदवहीत 'पाठपुरावा नाही' एवढंच उरतं. या बाईला माहिती कमी पडली, असं म्हणणाऱ्याने एक हंगाम तिच्या कोपीत काढावा.

दुसरा आक्षेप असा की बायका तांबीला, गोळ्यांना उगाच घाबरतात, सगळ्या ऐकीव गोष्टी. तांबी पोटात वर सरकून काळजापर्यंत जाते, ही ऐकीव गोष्ट खोटी आहे, हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. पण तांबीने सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, इंजेक्शनने पाळी अनियमित होते, हे खरं आहे. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा बाईला दिवसभर खुरपताना जास्तीचं रक्त गेलं तर तिची तक्रार हा अंधविश्वास कसा? शिवाय ज्या घरात पाळीच्या दिवसांत देवघर आणि चूल शिवू देत नाहीत, तिथे आठवडाभर चालणारा रक्तस्राव साऱ्या घरात गाजतो. तिने तांबी काढून मागितली तर तिची गैरसमजाखाली नोंद होते. तिला हवी असते ती तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि दुसरं साधन निवडायची मोकळीक.

तिसरं म्हणणं शहरातल्या शिकलेल्या बायकांचं आहे आणि त्यात तथ्य आहे. दोन मुलं लागोपाठ उरकली की नोकरीकडे वळता येतं, असं त्या म्हणतात. ही निवड स्वतः केलेली असेल, शरीर सावरलेलं असेल, तर बाहेरच्या कुणी बोलू नये. एवढंच सांगावंसं वाटतं की पहिलं सिझेरियन असेल तर घाईच्या दुसऱ्या खेपेत जुना व्रण उसवण्याचा धोका वाढतो. तेव्हा डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

चौथा आग्रह सक्तीचा : कडक कायदा केला की सगळे सरळ होतील. हा प्रयोग आपण करून बसलो आहोत. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अंमलात आलं नाही. त्या धसक्याने पुरुष या कार्यक्रमातून बाहेर पडला आणि परत आलाच नाही. उद्दिष्टं पुरी करायला बाई उरली. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि त्यानंतर दहाहून अधिक बायका दगावल्या. सक्तीने आणि आकड्यांच्या हव्यासाने बाईच्या जिवाशी काय होतं, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी प्राध्यापकी गमावली. मूल कधी हवं हे बाईने ठरवावं, हा त्यांचा आग्रह शंभर वर्षांनीही आपण पुरा केलेला नाही. माझी बाजू त्याच आग्रहाची आहे. निर्णय तिच्या हातात यायचा तर लग्नाचं वय वाढलं पाहिजे, गर्भनिरोधाची सेवा स्थलांतराबरोबर फडापर्यंत पोचली पाहिजे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोललं गेलं पाहिजे. सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये पहिलं मूल दोन वर्षं लांबवणाऱ्या जोडप्याला पाच हजार आणि तीन वर्षं लांबवणाऱ्याला साडेसात हजार रुपये द्यायची योजना आणली. रकमेपेक्षा मला तिचं महत्त्व वाटतं ते एवढ्यासाठी की सासूला सांगायला सुनेच्या हातात एक कारण आलं, आणि बक्षीस जोडप्याचं असल्याने नवऱ्यालाही त्यात धरलं गेलं. माहिती द्यायचीच तर अशा ठिकाणी द्या. अंगावर पाजते तोवर दिवस राहत नाहीत, हा समज बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, फक्त आईचं दूध चालू असताना आणि पाळी परत आलेली नसतानाच खरा असतो; हे सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगा. सज्ञान स्त्रीच्या नसबंदीला किंवा गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही, हा सरकारी नियम प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर ठळक लावा. आजही कित्येक ठिकाणी ती सही मागितली जाते.

गर्भनिरोध ही बायकांची बाब आहे, असं देशातल्या तिघांतल्या एका पुरुषाला वाटतं, हेही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. म्हणून शेवटची विनंती पुरुष वाचकांना. मुलांमध्ये अंतर हवं असेल तर निरोध वापरा, बायकोच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख तुम्ही लक्षात ठेवा. आणखी मूल नको असं दोघांचं ठरलं, तर तिला ऑपरेशनला पाठवण्याआधी स्वतः सरकारी दवाखान्यात चौकशी करा. बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीला काही मिनिटं लागतात, माणूस त्याच दिवशी घरी जातो आणि पुढे वीर्यतपासणी होईपर्यंत साधारण तीन महिने निरोध वापरावा लागतो.